फाट्यावरची जपानी पार्टी

जपानविषयी माझ्या आतेभावाइतकं आमच्या भागात कुणालाच कळत नव्हतं. आम्ही परभणी जिल्ह्यात होतो तेव्हाही नाही आणि हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावरही नाही. खरं तर जपानातसुद्धा एवढं कळणारी माणसं मोजकीच असावीत. वारंगा फाट्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ जुळवून झाला की तो आधी तोक्योचं हिंदी प्रसारण लावून बघायचा. ते खरखर न करता लागलं तरच रेडिओ दुरुस्त, नाहीतर पुन्हा खोलायचा. ज्यांना नुसते बाजारभाव ऐकायचे असत ती माणसं यात आठ-आठ दिवस ताटकळायची. "जपान धरला की बाकीचे आपोआप धरतेत," असं त्याचं म्हणणं.

त्याच प्रसारणात त्याला तिकडच्या एका गाणाऱ्या पोरांच्या टोळीची हकीकत कळली. शाळकरी वयात निवडलेली, वर्षानुवर्षं मोठ्या गायकांच्या मागे नाचलेली पोरं, मग एक दिवस सगळी एका ओळीत पुढे आणलेली. सुरुवातीला त्यांच्या रेकॉर्डी खपेनात, म्हणून ती टीव्हीवर नकला करू लागली, स्वयंपाकही करून दाखवू लागली. टोळीचं नाव भाऊला (आतेभावाला आम्ही सगळे भाऊच म्हणायचो) कधी नीट म्हणता आलं नाही. पण "मेन शिंगर कुणीच न्हाई, पाचही मेन," ही गोष्ट त्यानं अत्तराच्या फायासारखी कानात जपली.

आमच्याकडे गायन पार्टी म्हणजे पुढे एक गायक आणि मागे कोरस धरणारे. "मागं बसून 'जी जी' करायला कोन जन्माला येतं का रे?" म्हणत त्यानं पाच पोरं निवडली: दोन गवंडी भाऊ, एक शिंपी, एक पानटपरीवाला आणि मामाचं पोरगं म्हणून मी. आवाज कुणाचाच ऐकला नाही. नुसतं ओळीत उभं करून पाहिलं. "गाणं शिकवता येतं, गड्या. उभं राहनं न्हाई." दर कडव्याला ओळ सरकायची, म्हणजे प्रत्येक जण एकदा मध्ये यायचा. शिंपी हटकून उलटीकडे सरकायचा आणि ढोलकीवर आदळायचा. रेडिओवर त्या पोरांना 'आयडल' म्हणतात हे ऐकून भाऊनं मला अर्थ विचारला, कारण पार्टीत बारावीपर्यंतचं इंग्रजी माझ्याकडेच होतं. त्यापायी तो मला मास्तर म्हणायचा. मी म्हणालो, "मूर्ती." तीन दिवस तो अस्वस्थ होता. शेवटी म्हणाला, "ह्ये त्यायचं चुकलं. बौद्ध देश, अन् पोरायच्या मूर्ती काहून करून राहिले? आपण माणसंच राहू."

आखाडा बाळापूरच्या जयंतीत त्यानं आम्हाला दोन गाण्यांच्या मध्ये स्टेजवर मिरचीची भजी तळायला लावली. गाणी कशी झाली ते कुणाला आठवत नाही, पण पुढच्या महिन्यात सहा गावांची बोलावणी आली आणि प्रत्येकानं आधी विचारलं, "भज्याचं तेल तुमचं का आमचं?"

त्या बोभाट्यामुळेच नांदेडच्या एका कॅसेटवाल्यानं आमची गाणी भरून घेतली. आता सांगतो, इतकी वर्षं सांगितलं नाही. पत्रव्यवहार माझ्याकडे होता. कव्हरवर पाचही नावं टाकू की मुख्य गायक कोण ते कळवता, असं त्यानं लिहून विचारलं. 'मुख्य कुणी नाही' एवढंच उत्तर द्यायचं होतं. मी माझं नाव लिहिलं आणि सोबत फोटो जोडला.

कॅसेटी आल्या. वर माझा चेहरा, त्याखाली माझं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत 'आणि साथीदार'. थोरला गवंडी माझ्या अंगावर धावला. भाऊ मध्ये पडला. "त्याला काहून बोलून राहिले? कॅसेटवाल्यानं केलं असंल. आपल्या मास्तरला इंग्रजी येतं, हरामीपणा येत न्हाई."

मी मान खाली घातली. सगळ्यांना ती शरम वाटली असावी, आणि ती होतीही.

भाऊनं दुकानातलं बॉलपेन घेतलं आणि एकेका कव्हरवरचं 'आणि साथीदार' खोडून तिथं चौघांची नावं लिहायला बसला. दहा-बारा कव्हरं झाल्यावर हात दुखला, तसा त्यानं गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "धर. तुझं अक्षर चांगलंय."

पार्टी पुढे दोन हंगाम टिकली, मग पोरं पोटापाण्यासाठी पांगली. भाऊही वारला, मी खरं सांगायच्या आतच. त्या दुपारी मात्र उरलेल्या सगळ्या कव्हरांवर ती चार नावं मी इतकी सावकाश, इतकी वळणदार लिहिली, की तो गवंड्याला कौतुकानं म्हणाला, "बघ, कसं मनापासून लिहून राहिलं लेकरू."