मापाचं पोलकं

सारजाबाईंना आपलं माप आकड्यात कधीच ठाऊक नव्हतं. पैठणगेटजवळ कमरोद्दीन मास्तरांच्या दुकानात त्यांचं एक जुनं निळं पोलकं खुंटीला टांगलेलं असे. नवं कापड नेऊन टाकायचं, मास्तर त्या पोलक्यावरून बेततील, की झालं. एसटीत कंडक्टर म्हणून लागल्यावर खाकी ड्रेसचा खांदाही त्यावरूनच बेतला गेला. पैठण गाडीवर त्यांच्याइतका नेटका गणवेश दुसऱ्या कुणाचा नसे, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

लांब रजा टाकून लेकीकडे जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा त्या आधी मास्तरांकडे गेल्या.

"मास्तर, मापाचं पोलकं द्या. तिकडं लागंल."

"तिकडे कशाला, बाई? तिकडे सब रेडीमेड."

"रेडीमेड झालं तरी कुणाच्या तरी मापाचंच असंल ना?"

मास्तरांनी पोलकं कागदात गुंडाळलं, पण हातातून लवकर सोडलं नाही. "संभालके. याच्याशिवाय मी आंधळा."

लेकीचं, प्रणिताचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या खिडकीतून सारजाबाईंना बस दिसे. लांबलचक, मधोमध भात्यासारखी घडी पडणारी. थांबली की सगळे दरवाजे एकदम उघडत, माणसं कुठूनही चढत, कुठूनही उतरत. आणि कंडक्टर नाही.

"मग तिकीट कोण देतं?"

"मशीन आहे, आई."

"अन् फुकटे?"

"फारसे नसतात."

"नसतात कसं? माणसंच हाईत ना ती?"

हे कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना. एकदा त्या बसमध्ये बसून डोळ्यांनी बघायचं होतं. पण थंडी अशी, की खिडकीची काच हाताला चावायची. प्रणितानं बजावलं, "कोट घेतल्याशिवाय बाहेर फिरणं नाही. कार घेऊन दुकानात जाऊ, तेवढंच." बस रोज खालून जात राहिली.

दुकानात कोटांच्या रांगाच रांगा होत्या. ज्याचे खांदे बसत, त्याच्या बाह्या बोटं गिळत. ज्याच्या बाह्या बसत, त्याची बटणं साडीच्या निऱ्यांवर लागत नसत. शेवटी मोठ्या मुलींच्या कपड्यांत एक तपकिरी कोट सापडला. बटणं लागली. सारजाबाई आरशासमोर ताठ झाल्या आणि लगेच म्हणाल्या, "वाकडा शिवलाय. उजवीकडं लोंबतोय."

दुसरा आला. तोही उजवीकडं. तिसराही.

"काय देश हाय! गाड्या सरळ अन् कपडे वाकडे!"

"आई, चांगला दिसतोय. घेऊन टाकू ना."

"अशी ड्युटीवर गेले तर डेपोतले म्हणतील, बाई झोपेतनं उठून आली."

मग त्यांनी पिशवीतून पोलकं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हिला सांग, यावरनं बघ म्हणावं."

विक्रेत्या मुलीला वाटलं, हे परत करायला आणलंय. ती मान हलवू लागली. प्रणितानं कानकोंडं होत सगळं समजावलं. तशी त्या मुलीचा चेहरा खुलला. तिनं पोलकं कोटावर पसरलं, तळहातानं सारखं केलं, मान तिरकी करून पाहिलं आणि उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"काय म्हणती?"

"म्हणते, दोन्ही खांदे सारखे नाहीत. हा खाली आहे."

सारजाबाई उसळल्या. "मास्तरनं वाकडं शिवलं? इतकी वर्षं? लाव त्यांना फोन!"

पलीकडून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली.

"मास्तर, पोलकं वाकडं हाय!"

मशीन थांबलं. "पोलकं वाकडं नाय, बाई."

"मग?"

"तुमचा उजवा खांदा उतरलाय. नोकरीला लागल्यावर, दोन-तीन सालात. बॅगेचा पट्टा त्याच बाजूला ना? मी मापाच्या पोलक्याचाच खांदा उसवून उतार दिला, मग प्रत्येक कपड्याला तसाच देत गेलो. वरून दिसू नये म्हणून आत जरा गादी."

"मला सांगितलं नाय कधी?"

"बोलून काय खांदा वर आला असता? आणि तुम्हाला त्या गणवेशाची शान लई."

सारजाबाईंनी फोन लेकीच्या हातात दिला आणि कोट उतरवला. आरशात त्यांनी आधी उजवा खांदा उचलून पाहिला, मग डावा पाडून पाहिला. सोडला की खांदा आपल्या जागी परत जाई. लांबचा नातलग पहिल्यांदाच भेटावा तशा त्या स्वतःकडे बघत राहिल्या.

"म्हंजी मी ही अशी हाय व्हय," त्या हळूच म्हणाल्या.

विक्रेत्या मुलीनं कुठूनशी कापसाची छोटी गादी आणली आणि खुणेनं सांगितलं, आत लावली की सरळ दिसेल. सारजाबाईंनी ती दाबून पाहिली, नीट न्याहाळली आणि परत केली.

"राहू दे. इथं कुठं डेपो हाय? हाच कोट बांधायला सांग. नको, बांधू नको, घालूनच जाते."

कार तिथंच ठेवून प्रणिताला बसनं यावं लागलं. सारजाबाईंनी तिकिटाचं मशीन पाहिलं, तिकीट न काढता बसणाऱ्यांचा अंदाज घेतला, एक-दोघांवर संशयही धरला. पण थोड्याच वेळात त्यांची नजर तिकिटांवरून माणसांच्या खांद्यांवर गेली.

"प्रणे, ती हिरव्या टोपीची बाई बघ. डावा उतरलाय तिचा. काय उचलत असंल गं ही?"

"आई, असं विचारत नसतात इथं."

"तू नको विचारू. नुसतं भाषांतर कर."

आणि कुठंही न धरता, चालत्या बसमध्ये सवयीनं तोल सांभाळत, सारजाबाई तिच्याकडे निघाल्या.