दक्षिणेची भिंत

ही गोष्ट सांगायची मी नऊ वर्षं टाळली. निवृत्तीच्या निरोप समारंभात टाळली, घरी बायकोजवळ टाळली. शाळेने स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या, तेव्हा आवारातले कडुलिंब, पाण्याची टाकी आणि वाचनालय यांवर चार पानं लिहून दिली. नव्या इमारतीबद्दल एक ओळही लिहिली नाही. ती ओळ लिहिली असती तर पुढची सगळी लिहावी लागली असती.

शाळा मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावातली. गावाचं नाव लिहीत नाही. मी तिथे मुख्याध्यापक होतो. नवी इमारत मंजूर झाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आठही खोल्यांत डिजिटल पॅनल बसणार. बोटाने लिहायचं, बोटाने पुसायचं, चित्रं दाखवायची. गावात त्याला ‘मोठा टीव्ही’ म्हणायला लागले. पण पॅनल कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, वीज कुठून, याचा आराखडा आधी लागणार होता, कारण वायर भिंतीच्या आतून जाणार होती. एकदा प्लास्टर झालं की बदल नाही. ते काम मी गणिताच्या मॅडमना दिलं.

मॅडम मंगरूळपीरहून एसटीने येत. त्यांचे वडील सुतार. वडिलांची घडी होणारी लाकडी पट्टी त्यांच्या पर्समध्ये कायम असायची. एकदा मी थट्टेने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “आमच्या घरी माप चुकलं का लाकूड वाया जाते, सर. अन् मंग अब्बा त्या दिवशी जेवत नाहीत.”

बांधकाम विटांपर्यंत आलं होतं. मॅडमनी घरून एक काच आणली, पॅनलसारखी चमकावी म्हणून मागून काळा रंग दिलेली. ती एकेका भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि स्वतः खाली, वाळूवर, पाचवीतल्या पोराच्या उंचीने बसायच्या. सकाळी आठला, दहाला, दुपारी दोनला. कोणत्या कोपऱ्यातून काच चमकते ते वहीत लिहायच्या. मिस्त्री हातातलं थापी-काम थांबवून पाहत राहायचा.

“मॅडम, कायले बसून राह्यल्या तिथी? खुर्ची आणू काय?”

“पोरं का खुर्चीवर बसतात भाऊ? तुमी तुमची भीत पाहा, मी माही पाहतो.”

आठवडाभराने त्यांनी ठरवलं. खिडक्या पूर्वेला, दार पश्चिमेला व्हरांड्याकडे, हे बांधकामात आधीच ठरलेलं होतं. पॅनल दक्षिणेच्या भिंतीवर. म्हणजे पोरांच्या डाव्या हाताने उजेड येईल, डोळ्यांवर ऊन नाही, काचेवर चमक नाही. शेजारी साधा फळा, वीज गेली तर वर्ग अडू नये म्हणून. सगळं बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं की बरोबर आहे.

त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांना लकवा झाला. अकोल्याच्या दवाखान्यात, त्यांच्या खाटेजवळ बसून मॅडमनी आराखड्याची पक्की प्रत काढली. प्रत एकच. एका नातेवाइकाच्या हाती माझ्याकडे पाठवली आणि रजेचा अर्जही सोबत.

तो कागद घेऊन मी अध्यक्षांसोबत खोल्यांत फिरलो. ते दारातच थांबले.

“सर, पाहुणा दारातून आत आला का पयले काय दिसलं पायजे?”

मी म्हणालो, “मॅडमनी दक्षिणेची भिंत…”

“मले दिशा नोका सांगू. इथून मले काय दिसते? खिडकी! खिडकी त माह्या गोठ्यालेबी हाय. समोर पॅनल दिसला पायजे. फोटो कसा येईन?”

“समोर पूर्व आहे. सकाळचं ऊन पोरांच्या तोंडावर…”

“पडदे लावू ना. सर, शिकवणं रोज हाय. उद्घाटन एक खेप हाय.”

मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मुलाचा नोकरीचा अर्ज संस्थेच्याच कॉलेजात पडलेला होता. मी वायरमनला दोन खिडक्यांच्या मधली जागा दाखवली आणि दक्षिणेच्या भिंतीवर संस्थेच्या ध्येयवाक्यासाठी चौकट आखून दिली. त्यात साध्या फळ्याची जागा गेली. मॅडमना फोन करावा असं मनात आलं. त्यांच्या घरी आजार आहे, आता कशाला त्रास, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

वडील गेले. मॅडम परतल्या त्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. आल्या तशा सातवीच्या खोलीत गेल्या आणि तिथून सरळ माझ्या ऑफिसात. अध्यक्ष चहा घेत होते, चार शिक्षक होते.

“सर, पॅनल पूर्वेले काहून लावले?”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मॅडम, तुमच्या कागदावर पूर्वच लिहिलं होतं.”

“असं कसं होईन?”

“दवाखान्यात लिहिलं तुम्ही. अशा वेळी होतं. आम्ही तुमच्या कागदाप्रमाणेच केलं.”

“मले तो कागद पाहू द्या.”

“इंजिनिअरकडे आहे.”

कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, “अब्बाच्या सलाईनकडे लक्ष होतं माझं.” आणि वर्गावर गेल्या.

उद्घाटनाचा फोटो चांगला आला.

मग शाळा सुरू झाली. सकाळी पोरं डोळ्यांवर तळहात धरून बसत. पॅनलवरचं अक्षर त्यांना दिसेना, कडेची पोरं डोकं दुखतं म्हणून घरी जात. पडदे लावले, मग खिडक्यांना पुठ्ठे ठोकले. वीज गेली की खोलीत अंधार आणि उकाडा. फळा नाही, त्यामुळे शिक्षक तोंडी काहीतरी सांगत बसायचे. पालकांनी तक्रार केली. जिल्ह्याहून साहेब आले आणि त्यांनी लेखी खुलासा मागितला की पॅनलची जागा कोणी ठरवली.

खोटं एकदा तोंडी बोललो होतो. आता त्याच्यावर सही करायची होती. ‘आराखडा गणित विषयाच्या शिक्षिकेने तयार केला असून काम त्यानुसार झाले आहे,’ असं मी लिहिलं. फाइलमध्ये तो कागद कधी लावलाच नाही. खणातून काढून घरी नेला आणि जुन्या पासबुकांच्या खाली ठेवला.

माझ्यानंतर सेवाज्येष्ठतेने मॅडमच मुख्याध्यापक व्हायच्या होत्या. त्या खुलाशाचा आधार घेऊन संस्थेने त्यांना डावललं. त्यांच्याहून चार वर्षांनी मागे असलेला माणूस खुर्चीवर बसला. माझा मुलगा कॉलेजात लागला.

पद गेल्याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. पॅनलवर साधा त्रैराशिकाचा हिशोब सोडवून त्या पोरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, “बरोबर आहे ना रे? पाहा बरं, माझं चुकते कधी कधी.” पोरं हसली. मी व्हरांड्यात उभा राहिलो. तीस वर्षं ज्या बाईने फळ्यावर आकडा खोडला नव्हता, ती सातवीच्या पोरांना विचारत होती.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी तो कागद पिशवीत घालून मंगरूळपीरला गेलो. मॅडम निवृत्त होऊन भावाकडे राहत होत्या. घराच्या पुढच्या खोलीत अजून सुतारकाम चालतं. त्यांना दम लागत होता, तरी उठल्या. पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला.

“सर, उन्हाचे कायले आले? फोन करायचा.”

इकडचं तिकडचं झालं. भिंतीवर खिळ्याला ती घडीची पट्टी टांगलेली होती. माझं लक्ष तिकडे गेलेलं त्यांनी पाहिलं.

“भाचा वापरते आता. मी नाही हात लावत.” मग म्हणाल्या, “सर, एक विचारू? तो कागद पुढं सापडला काय? मले अजून समजत नाही, मी दक्षिणचं पूर्व कसं लिहिलं. कधी कधी वाटते नसन लिहिलं. मंग वाटते, सर कायले खोटं सांगतीन.”

पिशवी माझ्या मांडीवर होती. माझा हात तिच्या आत होता आणि बोटांना कागदाची घडी लागत होती.

मी म्हणालो, “नाही सापडला.”

“जाऊ द्या. चहा घ्या, थंडा होते.”

मी चहा घेतला आणि साडेचारच्या गाडीने परत आलो. पावसाळा संपता संपता त्या गेल्या. मला कळलं तोवर चार दिवस होऊन गेले होते.

कागद आता माझ्या पुढ्यात आहे. निळी शाई, सरळ अक्षर, आठ खोल्यांचे आठ रकाने. एकही खाडाखोड नाही. त्या दिवशी घडी उलगडून त्यांच्या हातात द्यायची होती आणि एवढंच म्हणायचं होतं: मॅडम, माफ करा, तुम्ही आठही ठिकाणी दक्षिणच लिहिलं होतं.