दोन बोटांची ढील

मंगळवार आणि शुक्रवार जवळ आले की मी आदल्या संध्याकाळपासूनच थकते. या दोन दिवशी नवऱ्याला डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यायचं असतं. आंधळगावहून निघायचं, मोहाडी, वरठी करत दवाखान्यात पोचायचं, मशीन त्याचं रक्त धुऊन देईस्तोवर बाहेरच्या बाकड्यावर पाठ मोडून बसायचं, आणि मग उकडलेल्या भाजीसारखा झालेला तो म्हातारा मागच्या सीटवर निजवून परत आणायचा. गाडी मी चालवते. माझ्या वयाच्या बायका देवळात टाळ्या वाजवतात, मी गिअर बदलते.

गाडी आमची जुनी, पांढरी, लहान. नवऱ्याने ती जुनीच घेतली तेव्हा मी चाळिशीची होते आणि हट्टाने चालवायला शिकले. चाळिशीतल्या त्या बाईची आठवण आली की अजून हसू येतं. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर पदर पिन लावून पक्का, आणि डावा पाय चोवीस तास क्लचवर. घरी शिलाई मशीन होती ना, पायाखाली काही आलं की ते दाबत राहायचं एवढंच त्या पायाला ठाऊक. नवरा म्हणायचा, "अवं, क्लच म्हंजे पाय ठेवाची पाटी नोहे." त्यावर बाईसाहेब चष्मा वर करून म्हणायच्या, "मले शिकवू नका जी." मोहाडीच्या बाजारात, जिथे बायकांची गर्दी जास्त तिथे, ही मुद्दाम करकर वाजवून गिअर टाकायची. लोक वळून बघायचे. तिला वाटायचं, कौतुकाने बघतात.

क्लच लवकर झिजायचा, आणि दर खेपेला नवराच बोनेट उघडून केबलचा नट फिरवायचा. आता त्याला वाकता येत नाही. डाव्या हाताला डायलिसिसची नस जोडलेली आहे, त्या हातावर भार द्यायचा नाही, त्या हाताने उशीसुद्धा उचलायची नाही. तो पडवीत खुर्चीवर बसतो आणि तोंडाने मिस्त्रीकाम करतो.

यंदा धानाची रोवणी आटपत आली आणि गाडीचा गिअर खरखरायला लागला. रिव्हर्स तर दातांखाली खडा आल्यासारखा. म्हाताऱ्याने खुर्चीतूनच निदान केलं.

"केबल लांबली असंल. नट कस थोडा."

मी पाना घेतला. बॅटरीच्या खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला केबलचं टोक येतं, त्यावर आटे असतात आणि आट्यांवर नट. तो कसला की केबल ताणली जाते. मी कसला. खरखर थोडी कमी झाली. अजून कसला. अजून कमी झाली. मग कायले थांबते मी? पेडल असं घट्ट झालं की नुसतं बोट लावलं तरी क्लच उचलायचा. "झालं वो तुमच्या गाडीचं," मी म्हटलं आणि हात धुवायला गेले. चाळिशीतली ती चष्मेवाली बाई मेली असं मला वाटत होतं. मेली नव्हती.

शुक्रवारी परत येताना रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडीने दगा दिला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. जळका वास आत आला.

मागच्या सीटवरून क्षीण आवाज आला, "काय जळून राहिलं वं?"

"कोनाची तरी भाजी," मी म्हटलं.

"पुलावर?"

पूल कसाबसा ओलांडला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घरी आलो.

त्या संध्याकाळी नागपूरहून मुलाचा फोन आला. तो आधीपासूनच म्हणत होता की तुम्ही दोघं इकडे या. दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. आमचा त्याच्याशी करार होता. आईची गाडी नीट चालते तोवर तुम्ही आंधळगावला. रस्त्यात अडकली की सामान बांधायचं. माझा विचार फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारून सुटायचा होता, पण म्हाताऱ्याला खोटं बोलता येत नाही. त्याने पुलाचं सगळं सांगितलं, वासासकट.

"आई, मंगळवारी मी येतो. तुमाले घेऊनच जातो," मुलगा म्हणाला. रागाने नाही बोलला. तेच जास्त लागलं. रागावला असता तर भांडता आलं असतं.

फोन ठेवून म्हातारा समोरच्या बांधीकडे बघत बसला. शेतातलं धान हिरवं झालं होतं. मग म्हणाला, "तिथं तिसऱ्या माळ्यावरून काय पाहू मी? लोकायचे कपडे?"

दुसऱ्या दिवशी मला दिसलं, त्याने लहान बॅग भरून पलंगापाशी ठेवली होती. दोन सदरे, टॉवेल, औषधांचा डबा, वर रेडिओ. मलाही तिसरा माळा नको होता. पण खरं सांगू, त्या दिवशी मला गाडीही नको होती. काहीच नको होतं. कुणीतरी म्हणावं, "तू बस, मी नेतो," आणि मी पाय पसरून बसावं, एवढंच वाटत होतं.

गावातला मिस्त्री पोळ्याला सासुरवाडीला गेलेला, बुधवारपर्यंत यायचा नव्हता. दुसरा मिस्त्री तुमसरला. तिथे जायला आधी गाडी धड हवी.

सोमवारी सकाळी गाडी अंगणात सावलीत लावली आणि बोनेट उघडलं. म्हातारा पडवीतून बघत होता.

"किती कसला होता वं तू?"

"जेवढा कसला जात होता तेवढा."

"बाई वो!" त्याने कपाळावर हात मारला. "अवं, पेडल दाबलं का पयले जरासं रिकामं जाते ना? दोन बोटं. ती ढील पायजेच पायजे. ढीलच नाई ठेवली तर क्लच धरतच नाई पुरा, आतल्या आत घासत राहते. म्हून तर जळत होतं."

"मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?"

"मले वाटलं, इतक्या वर्सात तुले माईत असंल."

"इतके वर्स तुमीच करत होते ना जी? मी तर नुसता चष्मा लावून बसत होती."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून मी तेच वाक्य परत एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा नाही हसला.

नट गंजलेला होता. खोबरेल तेल सोडलं, थांबले, पाना लावला. पाना निसटून बोटाचं साल गेलं. पुन्हा लावला. अर्धा आटा सोडायचा, कंबर सरळ करायची, गाडीला वळसा घालून दार उघडायचं, पेडल हाताने दाबून बघायचं, परत बोनेटपाशी. गुडघे प्रत्येक फेरीला कुरकुरत होते. शेवटी पेडलला दोन बोटांची ढील आली. पेडल आधी हलकं जायचं, मग भार लागायचा. इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला.

खर्रर्र.

मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. ढील दिली तर गिअर खरखरतो, कसलं तर क्लच जळतो. आता काय करायचं, कपाळ करायचं?

"जाऊ द्या," मी तशीच म्हणाले. "नागपूरच बरं."

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "माही खुर्ची आन इकडे."

"कायले?"

"आन ना वं. बोलत कायले बसली."

खुर्ची ओढत ड्रायव्हरच्या दारापाशी नेली, त्याला उजव्या दंडाला धरून आणलं, बसवलं. तो पुढे झुकला, डावा हात पोटाशी धरून, आणि उजव्या तळहाताने क्लचचं पेडल दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दाबूनच ठेवलं.

"खाली जाऊन नाई राहिलं."

"गेलं तर आहे."

"पुरं नाई गेलं. खाली मऊ काई तरी लागते. पेडलले पुरं खाली जाऊच देत नाई. मंग क्लच पुरा दबंल कसा न् गिअर खरखरंल नाई त काय?"

त्याने पेडलच्या खाली हात घातला आणि एक कोपरा ओढला. बारदाना होता, तागाचं पोतं. राइस मिलमधला, चौपदरी घडी घातलेला, चिखल वाळून पुठ्ठ्यासारखा झालेला.

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत प्रत्येक गाडीत पायाखाली बारदाना असतोच. बांधीतून आलेल्या पायांचा चिखल मॅटवरून निघत नाही. यंदा तो बारदाना यानेच घातला होता. बांधीत उतरता येत नाही, बायकांना चहा नेऊन देता येत नाही, म्हणून एवढं एक काम त्याने माझ्या हातातून काढून घेतलं होतं. आणि माझ्या टाचा दुखतात म्हणून एकपदरी घालायच्या ऐवजी चौपदरी घातला, गादीसारखा. मी त्याचं कौतुकही केलं होतं. खरखर त्याच आठवड्यात सुरू झाली होती. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तो कोपरा हातात धरून बसला.

"हा मीच टाकला," तो म्हणाला.

त्याचं तोंड बघवेना. मी म्हटलं, "नाई तर काय, नागपूरहून येऊन कोनी टाकला असता?"

"फेकून दे."

"कायले फेकू? नव्वा बारदाना आहे."

विळा आणला आणि गाडीच्या दारातच बसून बारदाना उसवला. एक पदर ठेवला, बाकीचे कोंबड्यांच्या खुराड्याकडे टाकले. पेडलच्या जागी चंद्रकोरीसारखा तुकडा कापून काढला आणि उरलेला परत पायाखाली घातला. म्हातारा बघत होता. "वाकडा कापला," म्हणाला. त्याच्या आवाजात जीव परत आला होता.

आता पेडल थेट तळाला गेलं. रिव्हर्स टाकला तर लोण्यात सुरी जावी तसा गेला. म्हाताऱ्याने मग मला सोडलं नाही. तो खुर्चीवरून तळहाताने पेडल दाबायचा, मी बोनेटपाशी.

"अजून सोड जरासा."

"झालं का?"

"जास्त सोडला. पाव आटा कस."

"पाव आटा कुठं दिसते मले?"

"हाताले समजते. कस."

असं ऊन अंगणभर येईस्तोवर चाललं. शेवटी त्याने दोन बोटं वर केली आणि म्हणाला, "बस. आता हात नोको लावू." तो इतका दमला होता की मला त्याला जवळजवळ उचलूनच पलंगावर न्यावं लागलं. मग मी अंगणातला पाना आणि विळा उचलला. पानाही जड वाटला.

मंगळवारी मुलगा त्याच्या मोठ्या गाडीने आला. त्या गाडीत क्लचच नाही. "चला," म्हणाला. मी आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं. "बाबांपाशी बस. भंडाऱ्याले मी नेतो. पुलावर अडकली तर तूच चालव, आनि तिथूनच घेऊन जा आमाले." म्हाताऱ्याने ती बॅग मांडीवर घेतली. मुलाने ती काढून आमच्याच डिक्कीत ठेवली.

जाताना पूल आला. गाडी चढली. येताना म्हातारा मुलाच्या खांद्यावर झोपला होता. तोच चढ, मागे ट्रक. मुलगा आरशातून माझ्याकडे बघत होता आणि त्याचा पाय सीटखाली नसलेला ब्रेक दाबत होता. इंजिन ओरडलं नाही. वास आला नाही. पलीकडे उतरलो तसा मुलाने मोठा श्वास सोडला आणि खिडकी खाली केली.

घरी आल्यावर मुलाने बापाला आत नेऊन निजवलं. मग त्याने डिक्की उघडली, बॅग काढली, क्षणभर आपल्या गाडीकडे बघितलं आणि बॅग आत नेऊन खुंटीला अडकवली. "दर मंगळवारी मी येईन, चालवणार तूच," म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला. डोळे पुसायला एकटं जायचं असेल. माझाच आहे, मला कळतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. डावा पाय सुजला होता, टाच ठणकत होती. वाटलं, म्हातारा झोपला.

"पुलावर क्लचवर पाय होता तुहा," तो डोळे न उघडता म्हणाला.

"तुमी तर झोपले होते."

"इंजिनचा आवाज येते मले."

मी पाय वर घेतला आणि चोळत बसले. होता खरा.