बारा गाड्या आणि एक ठिपका

मी लोणारला अकरावीला फिजिक्स शिकवते. आभाळातून पडलेल्या दगडानं गावाला लागून एवढं मोठं सरोवर करून ठेवलं, तरी बलांचा धडा निघाला की वर्ग जांभया देतो. टेबलावर एक ठोकळा पडलेला असतो आणि त्याच्यावर कोणकोणती बलं लागतात ते दाखवायचं असतं. पोरं म्हणतात, मॅडम, तो तर नुसता पडलाय. मग मी फळ्यावर बाण काढते. वजन खाली, टेबलाचा आधार वर, दोन्ही सारखे, म्हणून ठोकळा जागचा हलत नाही. आमच्या स्टाफरूमचंही तेच आहे, पण ते अभ्यासक्रमात नाही.

माझं माहेर जळगाव जामोदकडचं. तिथल्या यात्रेत बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे आणि वर माणसं लादायची. मग अंगाला हळद लावलेल्या एका माणसानं कमरेला दोर बांधून ही सगळी वरात वेशीपासून मरीमायच्या देवळापर्यंत ओढायची. त्या माणसाला भगत म्हणतात. हा मान आमच्या घराचा. बाबांनी तो बरीच वर्षं सांभाळला आणि शेवटी त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. यंदा पाळी आली धाकट्या भावाची. हा तालुक्याला कारकून. आयुष्यात त्यानं ओढलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचं अडकलेलं दार.

गाड्या हलतील का, ही काळजी मला नव्हती. जागची वस्तू हलवायलाच जोर लागतो, एकदा चाक फिरलं की काम सोपं होतं. शिवाय मागून सगळं गाव ढकलत असतं. पुस्तकात त्याला बाह्य बल म्हणतात, गावात भक्ती. माझा प्रश्न थांबण्याचा होता. बाबांच्या वेळी लाकडी चाकं होती आणि वाट मातीची, चाक रुतायचं. आता गावानं देवीची सेवा म्हणून वेशीपासून देवळापर्यंत सिमेंटचा रस्ता केला, तोही देवळाकडे उतरता. गाड्यांना टायर आले. यात्रेच्या आदल्या दिवशी उत्साही मंडळींनी आसांना ग्रीस फासलं, भगताला त्रास नको म्हणून. घर्षण नावाची एकच गोष्ट माझ्या भावाच्या बाजूनं होती. तिचा बंदोबस्त लोकांनी वर्गणी काढून केला.

त्या संध्याकाळी भावाला हळद लागत होती. मी पर्समधला खडू काढला आणि फरशीवरच आकृती काढली. बारा चौकोन, समोर एक ठिपका, मध्ये रेघ. सांगितलं, दोर फक्त ओढतो. तो ढकलत नाही आणि मागून येणारं काही अडवतही नाही. गाड्या माणसापेक्षा वेगानं आल्या, तर दोर ढिला पडेल आणि मध्ये काहीच उरणार नाही.

आई हळदीचा हात तसाच धरून वाकून बघत होती. "यात माहा लेक कुठी हाय?"

मी ठिपक्यावर बोट ठेवलं.

"एवढुसा?"

"गणित सोपं जावं म्हणून तसा काढतात."

"मंग या गाड्या थांबोते कोन?"

"देवी थांबोते," बाबा म्हणाले.

मी विचारलं, "देवीचा बाण कोणत्या बाजूनं काढू, बाबा?"

बाबा उठून अंगणात गेले. लेक शिकली की शहाणी होते, असं म्हणतात. घरच्यांचा अनुभव वेगळा असावा.

मग मी यात्रेच्या पंचांकडे गेले. म्हटलं, शेवटच्या गाडीला मागून दोर बांधा आणि दहा माणसं तो धरून चाला. पंचांनी मला चहा पाजला. "बाई, मांगून दोर बांधला तं पाव्हने काय म्हनतीन? भगत गाड्या ओढून राह्यला का गाव भगताले?" गावाची अब्रू वाचली. भावाचे पाय तेवढे वाचायचे राहिले.

परत आले आणि भावाला बाजूला घेतलं. मला भीती वाटत होती, आणि ती मी त्याला सरळ सांगितली. म्हटलं, गाठ ओढली की सुटेल अशी मार. दोर ताठ आहे तोवर तू ओढतोयस. ढिला लागला की मागं बघू नको, दोर सोड आणि रस्त्याबाहेर पड. तो हसून म्हणाला, "हाव ताई." विद्यार्थीही असंच म्हणतात, आणि नंतर पेपरात बाण उलटे काढतात.

दुसऱ्या दिवशी गाड्या हलल्या. भाऊ पुढं वाकला, मागून गजर आणि शेकडो हात. अर्ध्या रस्त्यापर्यंत दोर ताठ होता. मी भावाकडे बघतच नव्हते, दोराकडे बघत होते. उतार लागला आणि दोराचा मधला भाग खाली येत सिमेंटला टेकला. लोक अजून ढकलतच होते. मी ओरडले, पण ढोलांपुढे माझं काय ऐकू जाणार? भावाचा हात कमरेकडे गेला. गाठ सुटली आणि तो बाजूच्या नारळाच्या दुकानात जाऊन आदळला. गाड्या त्याला सोडून थेट देवळाच्या पायऱ्यांवर चढल्या. पहिलीचं जू मोडलं, वरच्या दोघाचौघांची डोकी फुटली. पंचांनी तिथल्या तिथं निकाल दिला की भगताशिवाय गाड्या आल्या, म्हणजे यंदा देवी जरा जास्तच प्रसन्न आहे.

घरी आल्यावर भाऊ ओट्यावर बसला. कोपर सोललं होतं, हळदीला खडी चिकटली होती. आई गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. बाबा गुडघे दुखत असतानाही खाली बसले, आणि ओल्या फडक्यानं एकेक खडा काढू लागले. मला वाटलं, आता मान घालवला म्हणून बोलतील.

"मले बी दोर ढिला लागे," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. "उताराले. मातीच्या वाटंवर बी लागे. पाय कापत माहे. दरसाल भेव वाटे."

भावानं विचारलं, "मंग कधी बोल्ले काऊन नाही?"

"आंगाले हयद लागली, वाजंत्री दाराशी. कोनाले सांगाव?"

दरसाल त्यांना हळद लावणारी, ओवाळून पाठवणारी आई तांब्या घेऊन तशीच उभी होती.

"मले सांगाचं," ती म्हणाली.