वायपरवाला आणि गाढवाचं गवत

सव्वीस वर्षं मी मोटारींचे वायपर डिझाइन केले. पावसात तुम्हाला समोरचा रस्ता दिसला, तर निम्मं श्रेय माझं. उरलेलं निम्मं देवाचं, आणि त्यानेही ड्रॉइंग माझ्याकडूनच नेली होती. मार्चमध्ये कंपनीने मला चार मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढून टाकलं. पलीकडच्या बाईंचे नुसते ओठ हलत होते. मीच त्यांना म्हटलं, "मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात." त्यांनी थँक्यू म्हटलं आणि मग माझी नोकरी गेल्याचं नीट ऐकू आलं.

त्यानंतर मला काही वाटेना. वाईट नाही, बरं नाही, राग नाही. बायको नागपूरची. ती रोज फार्मसीत कामाला निघताना विचारायची, "काही वाटून राहिलं का तुला? रड ना बाप्पा एकदाचा!" मी तिच्यासाठी पाच किलो कांदे चिरून पाहिले. शेवटी कांद्यांनाच रडू कोसळलं. मी कोरडाच.

आमचं घर अमेरिकेतल्या नोव्हाय गावाच्या पार पश्चिमेला, वसाहतीच्या शेवटच्या रांगेत. मागच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी बाई, तिचं गवताचं रान आणि तिचं म्हातारं गाढव. गाढव इतकं म्हातारं की मोटारींचा शोध लागला तेव्हा त्याने लेखी हरकत घेतली असावी. बाई दर जूनला स्वतः गवत कापून, वाळवून शेड भरायची. त्यावर गाढवाचा हिवाळा निघायचा. यंदा तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. विकतचं गवत परवडत नव्हतं, आणि कुणाकडून फुकट घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"जुलै संपेपर्यंत शेड भरली नाही तर ट्रेलरवाला येणार," ती कुंपणावरून म्हणाली. "लिलावात नेईल याला."

लिलावात म्हातारं गाढव कोण घेतं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"मी कापतो," मी म्हणालो. दया वगैरे काही आली नव्हती. मंगळवार होता आणि मला कुठे जायचं नव्हतं, एवढंच.

तिने मला शेडमध्ये नेलं आणि भिंतीवरच्या हत्याराकडे बोट करून म्हटलं, "साइद." मला ऐकू आलं 'साइड', म्हणून मी अदबीने बाजूला झालो. तिने पुन्हा म्हटलं. मी आणखी सरकलो. तिसऱ्यांदा मी शेडच्या बाहेर होतो. मग तिनेच चांगल्या हाताने ते खाली काढलं. माझ्याएवढा वाकडा लाकडी दांडा, त्याला दोन मुठी आणि टोकाला हातभर लांबीचं चंद्रकोरीसारखं पातं. कोकणातल्या आमच्या विळ्याचा हा खापरपणजोबा असावा.

मी विळ्यावर वाढलेला माणूस. डाव्या हाताने मूठभर गवत धरायचं, उजव्याने खस्सकन ओढायचं. इथे धरायचंच नाही. पहिल्या दिवशी मी ते हत्यार कुऱ्हाडीसारखं चालवलं. गवत नुसतं आडवं झालं आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा उभं राहिलं. दोन काड्या तर मला सलाम करून उठल्या. म्हातारी खुर्चीवर बसून बघत होती.

"हाणू नकोस. त्याने तुझं काही बिघडवलेलं नाही. पातं जमिनीवरच ठेव आणि कमरेतून वळ. उजवीकडून डावीकडे. अर्धगोल."

अर्धगोल! बाई, आयुष्यभर मी दुसरं केलं काय? मी मुकाट्याने स्वतःचा वायपर केला. चौथ्या दिवशी पात्याने पहिल्यांदा आवाज केला, रेशीम फाटल्यासारखा, आणि डाव्या बाजूला गवताची सरळ ओळ पडली. आनंद व्हायला हवा होता. मी पुढचं पाऊल टाकलं.

तिची वेळही उलटी. आमच्याकडे दव सुकल्याशिवाय गवतात कुणी पाय घालत नाही. इथे ती पहाटे साडेपाचला कुंपण वाजवायची, कारण ओलं गवत मऊ असतं, पातं सटकत नाही. दर पाच मिनिटांनी थांबून धार लावायची. दगड कमरेला पाण्याच्या डब्यात बुडवलेला. धार लावण्याला आमच्याकडे शब्द आहे, पाजवणं. तीस वर्षांत तो मी उच्चारला नव्हता. तिथे उभा राहून चारदा म्हणून पाहिला. गाढवाने कान हलवले. बाकी काही झालं नाही.

दहा दिवसांत रान कापून झालं. किती एकर ते विचारू नका, मी सांगेन त्यातून तुम्हाला निम्मं वजा करावं लागेल. कापलेलं गवत रोज दाताळ्याने उलटायचं, वाळवायचं. ते अर्धं वाळलं असताना फोनवर पावसाचा इशारा आला. म्हातारी त्या दिवशी खांदा दाखवायला निघाली होती.

"छोटे ढीग घाल, वरून विंचरून घे आणि घरी जा," तिने बजावलं. "पाणी घसरून जातं."

आणि इथे मी कोकण्या निघालो. आमच्याकडे पावसाआधी आगोटीची तयारी करतात. लाकूडफाटा, गोवऱ्या, गवत सगळं झाकायचं. झाकलं नाही तो माणूस येडा. शिवाय मी वायपरवाला, पाण्याशी माझं जुनं वैर. मी सगळं गवत एका जागी ओढून टेकडी रचली. कळसूबाई नाही, पण शेजारीण तरी नक्की. वर तीन निळ्या ताडपत्र्या, कडांना विटा, दोऱ्या, दुहेरी गाठी. बायको खिडकीतून ओरडली, "काय करून राहिला तू? प्रेत बांधून राहिला का?"

दोन दिवस पाऊस पडला. एक थेंब आत गेला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारी परतली, तिने एक कड उचलली आणि हात आत घातला. लगेच बाहेर काढला. मग माझं मनगट धरून माझा हात कोपरापर्यंत आत खुपसला. आत चटका बसेल इतकं गरम होतं. वाफ आली, आंबलेल्या पिठासारखा वास आला.

माझी चूक तेव्हा कळली. आमच्याकडे गवत दिवाळीच्या सुमारास कापतात. तेव्हा ते उभ्या-उभ्याच वाळलेलं असतं, आणि नंतर जूनपर्यंत आभाळ कोरडं. झाकतो ते पूर्ण वाळलेलं. हे ओलसर होतं. बाहेरचं पाणी मी अडवलं, आणि आतलंही.

"त्याला घाम येत होता," ती म्हणाली. "आणि तू त्याला रेनकोट घातलास."

ओरडली असती तर बरं झालं असतं. आम्ही टेकडी फोडली. चार दिवस गवत पसरलं, उलटलं. ती खुर्चीवर बसून एकेक मूठ नाकाशी धरायची. बुरशी धरलेलं डावीकडे, चांगलं उजवीकडे. बुरशीने गाढवाचं पोट फुगतं, ते मरूही शकतं. डावा ढीग वाढत गेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. कॉलवर सुद्धा मी असाच स्क्रीनकडे बघत होतो.

"तुला काही म्हणायचंय?" तिने विचारलं.

"मला काही वाटत नाहीये," मी म्हणालो. मार्चपासून हे पहिलंच वाक्य, ज्यात मी काही वाढवून सांगितलं नव्हतं.

"गवताला चालतं ते," ती म्हणाली. "उलटत राहा."

जुलैच्या शेवटच्या शनिवारी शेड निम्म्याहून थोडी जास्त भरली. ती आतल्या ओळी बोटाने मोजत गेली, मग पायरीवर बसून तिने ट्रेलरवाल्याला फोन लावला. मी दारात दाताळं धरून उभा.

"आत्ता येऊ नकोस," ती फोनवर म्हणाली. "फेब्रुवारीपर्यंतचं आहे. नाही, पुढचं माहीत नाही. ऑगस्टच्या अखेरीस दुसरी कापणी होईल, जर माणूस मिळाला तर."

तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. गाढवानेही पाहिलं. त्याच्या तोंडात माझ्या गवताची काडी होती, आणि ते ती अतिशय संशयाने चावत होतं.

"तोपर्यंत तुला नोकरी लागेल," ती म्हणाली.

"लागेल कदाचित," मी म्हणालो. "पण साडेपाचला कोण ऑफिस उघडतं?"

ती हसली नाही. मीही नाही. तिने पाण्याचा डबा माझ्या हातात दिला आणि दगड सुकू देऊ नको म्हणाली.

"ताडपत्र्या?" मी विचारलं.

"त्या घरी घेऊन जा."

मी घेऊन गेलो.