गजभियांची तेलपट्टी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले बाबूराव गजभिये लखनौच्या थंडीला भीत नसत, विकास नगरातल्या माकडांनाही भीत नसत. ते भीत इंजिनाला. दसऱ्याला सगळ्यांना आपल्या गाडीतून नागपूरला दीक्षाभूमीवर नेणार, असं त्यांनी नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं. वाटेत इंजिन जाम झालं, तर जन्मभर भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

म्हणून त्यांनी ऑइल बदलायला काढलं. शेजारी म्हणाले, जुनी गाडी आहे, दाट घाला. गाडीसोबतच्या पुस्तिकेत पातळ लिहिलेलं. सरकारी माणूस छापील शब्दापुढे मान तुकवतो. बाबूरावांनी पातळ घातलं, फिल्टर नवा बसवला आणि जिवाला घोर लावून घेतला. असलं पाण्यासारखं तेल उडून गेलं तर?

गाडी फिरवून आणली की ते लगेच बॉनेट उघडत, तेल मोजायची पट्टी ओढत, पुसत, पुन्हा बुडवून बघत. तेल खालच्या खुणेजवळच! मग तापकऱ्याला पेज पाजावी तसं ते डब्यातलं थोडं तेल आत ओतत. रोज.

एका रविवारी निशातगंजच्या पुलावर गाडीनं मागे निळसर धूर सोडला.

"पापा, पीछे वाले भैया खाँस रहे हैं," लेक पायल म्हणाली.

बाबूरावांनी आरशात पाहिलं. तेल जळतंय! घरी येताच ते उरलेला डबा उपडा करायला धावले. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी तो हिसकावून घेतला.

"अहो, झारा कढईतून वर काढला की तेल निथळायला वेळ लागतो ना? इंजिनाला तरी जरा दम द्या."

इंजिन निवेपर्यंत बाबूराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग सुनंदाबाईंनी पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. रोज इंजिनातलं तेल निथळून तळाशी उतरायच्या आतच बाबूराव मोजत होते, आणि ओतत होते.

"म्हणजे मीच मारलं हिला?" बाबूरावांनी विचारलं.

"ते कळेल. पण आता चालू करू नका, आत घुसळून फेस होईल."

मिस्त्रीला घरी बोलावून जास्तीचं तेल काढलं. त्यानं किल्ली फिरवली, तेव्हा बाबूराव गेटबाहेर जाऊन पाठमोरे उभे होते. थोडा धूर निघाला, विरळ झाला, थांबला. इंजिन गुरगुरू लागलं. तरीही त्यांनी हळूच ट्रेनचा विषय काढला.

"गाडीनंच जायचं," सुनंदाबाई म्हणाल्या. "पट्टी मी बघीन. तुम्ही डब्याला हात लावायचा नाही."

निघायच्या दिवशी पायलनं हात पुढे केला. "चाबी दीजिए, पापा."

बाबूरावांनी दिली. मागच्या सीटवर गुडघे टेकून, नागपूरकडे पाठ करून, कानपूर येईपर्यंत ते मागच्या काचेतून धूर शोधत राहिले.