तिकिटाऐवजी रोकड

कावेरीला चैन म्हणून पडत नव्हती. शारजा विमानतळावर ती तिसऱ्यांदा उठली आणि तिसऱ्यांदा नवऱ्याने, रोशनने, तिला ओढून खाली बसवलं. दोघं गावी निघाली होती. पण बाईचा जीव समोरच्या गेटपाशी अडकलेला. तिथे निळ्या कोटात त्यांची स्वप्नाली उभी होती. ट्रेनिंग संपून आज पहिल्यांदाच ती माइकवरून प्रवाशांना बोलावणार होती. कावेरीने मुद्दाम याच विमानाचा हट्ट धरला होता.

हीच पोर पाचव्या वर्षी एकेका शब्दाशी झुंजायची. 'म' तर ओठांवरून सुटायचाच नाही. शाळेत पोरं हसली, तेव्हा तिने बोलणंच टाकलं. दुबईत ऊद मेथाला मनोरमा मॅडम अशा मुलांना शिकवायच्या, पण स्टोअरकीपरच्या पगारात त्यांची फी कशी बसणार? मग कावेरीचं डोकं चाललं. रोशनची कंपनी दर दोन वर्षांनी घरच्यांना गावी जायचं तिकीट द्यायची, नको असेल तर तेवढी रोकड.

"तीन हजार दिरहम, म्हणजे पस्तीस हजार रुपये!" ती म्हणाली. "रोकड घ्या. गाव कुठं पळून जातंय?"

गाव पळालं नाही, रुसलं मात्र. सहा वर्षं सून गणपतीला आली नाही. धाकट्या दिराचं लग्न तिने फोनवरून ऐकलं. "दुबईची हवा लागली हिला," सासूबाई म्हणाल्या, "पोरं काय, आपोआप बोलतात!" कावेरी रात्रभर रडली आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मॅडमकडे जायला पुन्हा ट्रॅफिकमध्ये बसली. तिच्या हट्टाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी तसा हट्ट करून दाखवावा!

माइक खरखरला. कावेरीने रोशनचं मनगट असं आवळलं की तो कळवळला.

"लेडीज अँड जंटलमेन, अवर फ्लाइट टू..."

स्वप्नाली थांबली. पुढचा शब्द मुंबई. ओठ मिटले ते मिटलेच. दोन-चार माना वर झाल्या. कावेरीचेही ओठ मिटले होते. पण पोरीने घाई केली नाही. खांदे सैल सोडले, श्वास घेतला.

"...मुंबई इज नाउ रेडी फॉर बोर्डिंग."

मग तेच हिंदीत, घडाघडा! कावेरी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड हलवून ती म्हणाली, "मेरी बेटी है!"

"माशाल्ला, बहनजी," तो हसून म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

रांग सरली, हॉल रिकामा झाला. कावेरी बसलेलीच. स्वप्नालीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि पुन्हा माइक उचलला.

"मिसेस कावेरी मोहिते, लास्ट अँड फायनल कॉल. मिसेस कावेरी मोहिते."

"अगं, यल्ला, चल! तुझंच नाव घेतेय ती," रोशन बॅगा उचलत ओरडला.

"कळलं हो," कावेरी म्हणाली. "अजून एकदा घेऊ दे."